शकुबाई आणि न जळणारा कापूस

लोणावळ्यात बंगल्याची कौलं सरकली, नळ गळायला लागला, दार फुगलं, तर माणूस आणायचा कुठून? शकुबाईकडून. गोष्ट अडुसष्ट-एकोणसत्तर सालातली. भाजीबाजाराच्या तोंडाशी ती लिंबांची पाटी घेऊन बसायची. लिंबं नावालाच. मुंबईच्या शेटलोकांच्या मोटारी तिच्यापुढं थांबायच्या त्या गवंड्यासाठी, सुतारासाठी, नळवाल्यासाठी. तरणेपणी तिनं निम्म्या बंगल्यांच्या बांधकामावर घमेली वाहिली होती. कुठल्या घराची भिंत पोकळ आणि कुठल्या मोरीचा पाइप कुठं वळलाय, हे मालकाला माहीत नसेल, पण हिला तोंडपाठ.

नवा माणूस काम मागायला आला की तिचा सवाल एकच, "तुला काय जमत न्हाई?" जो छाती काढून म्हणायचा, "मावशी, सगळं जमतं", त्याच्या हातात ती एक लिंबू ठेवायची. "जा बाबा, सरबत करून पी." त्या माणसाला तिच्याकडून काम कधी मिळायचं नाही. ते सरबत मी प्यायलोय म्हणून सांगतो. मी सखाराम, तुंगार्लीच्या वाटेवरच्या एका जुन्या बंगल्याचा माळी आणि रखवालदार. ती नोकरी मी शकुबाईशिवाय मिळवली, आणि पुढं पाच वर्षं तिच्या पाटीसमोरून मान ताठ करून गेलो.

मग बंगला विकला गेला. नव्या शेटचं पत्र आलं, घर जुनं आहे, राहायला येण्याआधी चांगल्या कारागिराकडून तपासून घ्या. मला कुठला धीर. मीच माळ्यावर चढलो. तिथं गरम पाण्याची मोठी जुनी टाकी होती आणि तिच्याभोवती किंतानाची गादी गुंडाळलेली. किंतान फाटून आतून पांढरा कापूस डोकावत होता, थेट सावरीच्या कापसासारखा. उंदरांनी मुतू नये म्हणून ओढून काढला. बिडी पेटवताना काडी त्यावर पडली, तर काय आश्चर्य, कापूस पेटेना. दुसरी काडी लावली, तिसरी लावली. नुसता काळा डाग, बाकी जसाच्या तसा.

आता माझं डोकं बघा कुठं धावलं. माझी लेक चिंगी आंदर मावळात दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं होतं, मुलगा झाला होता. बाळंतिणीच्या खाटेखाली शेकशेगडी धगधगत असते, एक ठिणगी उडाली तर? मी पोतंभर कापूस घरी नेला आणि बायकोला, चिमाबाईला, म्हणालो, "शेटनी मुंबईहून खास धाडलाय. जळत न्हाई. नातवाची उशी भर." शेटचं नाव का घेतलं विचाराल, तर मिरवायची हौस, दुसरं काय. चिमाबाई बिचारी दोन दुपारी बसून तो पिंजत होती. बारशाच्या दिवशी सकाळी ती उशी घेऊन लेकीकडं पुढं गेली, मी मागून जाणार होतो.

चांगला कारागीर मात्र अजून मिळाला नव्हता, तेव्हा त्याच सकाळी ताठ मान वाकवून शकुबाईकडं आलो. ती म्हणाली, "हमीदला धाडते. पर त्यो न्हाई म्हनंल तितं न्हाई. त्याच्याशी हुज्जत घालू नगंस."

हमीद छपराचं आणि पत्र्याचं काम करायचा. पन्नाशीचा, हडकुळा, हळू बोलणारा. शिडी चढताना मध्येच थांबायचा. मी मनात म्हटलं, आळशी दिसतोय. त्यानं कौलं पाहिली, पन्हळी पाहिल्या, मग माळ्यावर डोकं घातलं आणि तसाच खाली आला.

"सखारामभाऊ, टाकीवरचा कापूस कुणी काढला?"

"मी. का? कापसाला काय भ्यायचं?"

"तो कापूस नव्हे. दगडाचा धागा आहे, कारखान्यात त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणत. मुंबईला सात वर्षं मी तो बॉयलरना गुंडाळला. आम्ही चौघं होतो. त्याची धूळ छातीत जाते आणि तिथंच राहते. तिघं गेले. चौथा शिडीवर थांबत थांबत चढतो, पाहिलंतच तुम्ही. गेला कुठं तो कापूस?"

 मी म्हणालो, "नातवाच्या उशीत. बारशाला धाडलीय."

तो दाराकडं वळलाच. "बारसं कधी?"

"आज. दिवस मावळताना."

आम्ही बाजारात धावलो. पाळण्याभोवती बायकांचा घोळका असणार, दोन पुरुषांचं तिथं कोण ऐकणार, म्हणून शकुबाई हवीच होती. तिनं ऐकलं, पाटी शेजारणीकडं सरकवली आणि पदर खोचला. मला शिव्या देण्यातही तिनं वेळ घालवला नाही. त्या तिनं आगगाडीत दिल्या, कामशेत येईपर्यंत, व्याजासकट.

कामशेतला भाताची पोती उतरवून परत निघालेली एक बैलगाडी मिळाली. गाडीवान ओळखीचा होता. बैल काय दौडले महाराजा, माझी हाडं अजून आठवण काढतात. खिंडीच्या पायथ्याला गाडीवाट संपली, चिंगीचं गाव वर चढून. ऊन कलायला लागलं होतं. शकुबाई साठीची, पण सरसर पुढं. हमीद दर वीस पावलांवर दगडावर टेकत होता, ओठ निळे पडलेले. मी म्हणालो, "हमीदभाई, तुम्ही बसा, आम्ही जातो."

"तुम्ही जाल आणि उशी फाडाल," तो दम खात म्हणाला. "ती भिजवल्याशिवाय हलवायची नाही." आणि उठला. त्याला आळशी म्हटल्याची मला तिथं एवढी लाज वाटली की मी त्याचा हात खांद्यावर घेतला आणि चढलो.

अंगणाशी पोचलो तेव्हा बायका पाळण्याखालून-वरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत होत्या. माझा जीवच गेला. पण कुंचीत गुंडाळलेला तो वरवंटा होता. बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवायची आपली रीत, ती त्या दिवशी देवासारखी धावून आली. वरवंटा उशीवर टेकला, आणि तिरप्या उन्हात उशीतून पांढरी बारीक धूळ उडालेली मी डोळ्यांनी पाहिली. चिंगी बाळाला घेऊन पुढं होत होती.

"चिंगे, पोराला घेऊन बाहेर ये," शकुबाई म्हणाली. असल्या आवाजात की चिंगीनं का म्हणून विचारलंच नाही. "बाकीच्या बी मागं सरा. सख्या, बोल आता."

समोर व्याही कोंडू, विहीणबाई भागूबाई, सगळी भावकी. मी बोललो. शेटनी काही धाडलं नाही, माळ्यावरच्या टाकीचं ते गुंडाळण आहे, विषारी आहे, मीच आणलं. भागूबाई म्हणाल्या, "आमच्या नातवाला तुमी टाकीची घाण आनली व्हय?" चिमाबाईनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेपुढं शकुबाईच्या शिव्या गोड होत्या.

हमीदनं तोंडाला ओलं फडकं बांधलं, उशीवर घागर ओतली, ओल्या पोत्यात बांधून लांब बांधाकडं नेली आणि खोल पुरायला लावली. पाळणा, कुंची, वरवंटा, सगळं धुतलं. मग त्यानं विचारलं, "उशी भरली कुणी?"

"मी," चिमाबाई म्हणाली. "दोन दुपारी पिंजत हुते."

अहो, लोणावळ्यापासून मी नातवासाठी धावत आलो, आणि ही माझ्या डोक्यातच आली नव्हती. दोन दुपारी ती त्या धुळीत बसली होती, माझ्या शेजारी, आणि मी शेटच्या गप्पा मारत होतो. 

"वहिनी, आधी केस धुवा, लुगडं बदला," हमीद म्हणाला. "भिऊ नका. माझी सात वर्षं होती, तुमच्या दोन दुपारी. पण पुन्हा नको."

दिवेलागणीला बाळ घोंगडीच्या घडीवर निजलं. आत्यानं कानात कुर्र केलं, नाव कान्हू ठेवलं. चिमाबाई ओल्या केसांनी, माझ्याकडं पाठ करून, पाळण्याची दोरी धरून बसली होती. शकुबाई माझ्या शेजारी टेकली.

"सख्या, पाच वर्सांमागं इचारलेलं, आता सांग. तुला काय जमत न्हाई?"

मी चिमाबाईच्या केसांकडं बघत म्हणालो, "मावशी, मला 'ठावं न्हाई' म्हनाया जमत न्हाई."

"बरं," ती म्हणाली. "मंग उद्यापास्नं हमीदची शिडी धर."

शेटला पत्र घालून आम्ही तो माळा बंद केला. बाकीची कौलं हमीदनं पंधरा दिवसांत बसवली. तो मध्ये थांबायचा, आणि मी शिडी धरून खाली उभा असायचो.