एका घरात दोन वरवंटे

नलू गेली हे मला आधी मोबाइलवर कळलं. मथळा होता, ‘सासूच्या खून प्रकरणातील शिक्षिकेचे निधन’. खाली चार-सहा ओळी. त्यात तिची अटक होती, जन्मठेप होती, वय होतं. वरच्या कोर्टानं तिला सोडलं, एवढं एकच वाक्य जागेअभावी राहून गेलं असावं. ज्यानं ते लिहिलं त्याचा नंबर मिळवून मी फोन लावला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, लोक त्यांना त्याच नावानं ओळखतात ना.” मी फोन ठेवला, तेवढ्यात सुलतानपूरहून तिच्या भावाचा, भास्करचा फोन आला. “शोभाताई, नलू गेली. सकाळी अंगणात बसली व्हती, चहा पेली... अन् बसल्या जागीच मान टाकली.”

त्यालाही आता काही आठवडे झाले. दरम्यान तिच्या जुन्या शाळेनं शोकसभा घेतली. हो, त्याच शाळेनं, जिनं तिला निर्दोष सुटल्यावरही कामावर घेतलं नाही. ‘पालक काय म्हणतील’ म्हणून. व्यासपीठावर तिचा हार घातलेला फोटो, मागे बॅनर आणि माइकसमोर माजी मुख्याध्यापक. त्यांनी तिला ‘धैर्याची मूर्ती’ म्हटलं. हेच गृहस्थ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले होते की त्या दिवशी मॅडम शाळेत आल्या तेव्हा गोंधळलेल्या दिसत होत्या. पहिल्या तासापासून घरून निरोप येईपर्यंत तिनं फळ्यावर गणितं सोडवली, एक आकडा चुकला नाही, पण ती गोंधळलेली होती. शोकसभेत त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी दुसऱ्या रांगेत होते. त्यांना पाणी आणून द्यायला चौघे धावले, मी मात्र जागची हलले नाही.

नलू आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहायचो. ती सुलतानपूरच्या भाजीवाल्या माळ्याची पोर, मी बुलढाण्याच्या कारकुनाची. मला शुद्ध बोलायची फार हौस आणि ती मुद्दाम मला ऐकवायला वऱ्हाडी आणखी घट्ट करायची. “काऊन वं शोभे, ‘मला’ म्हटलं म्हंजे भूक कमी लागते का तुले?” तिला खोटं खपायचं नाही आणि ते लपवताही यायचं नाही. मेसच्या बाईनं वरणात पाणी वाढवलं की सगळ्या मुली कुजबुजायच्या. ही वाटी घेऊन सरळ चुलीपाशी जायची. अशा माणसांचं आपल्याकडे काय होतं ते पुढे दिसलंच.

तिचं लग्न झालं ते देऊळगाव राजाच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. त्याला तेवढा मान मिळू नये. नवरा तहसीलला बाबू, घरात तो, ती आणि सासू. मूल झालं नाही. सासू बोलायला करवती होती, हीही काही मुकी नव्हती. दोघींचं भांडण आळीला ऐकू जायचं हे खरं. पण म्हातारीला मोतीबिंदू झाला तेव्हा जालन्याला घेऊन जाणारी हीच होती आणि डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर म्हातारी हिलाच म्हणाली होती, “तू तर काळीच हायेस की गं!” हे सांगताना नलू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. भांडणारी माणसं एकमेकींना मारून टाकत असती, तर आपल्या जिल्ह्यात एकही सासू शिल्लक राहिली नसती.

एका दुपारी शेजारची बाई ताक मागायला गेली, तर म्हातारी स्वयंपाकघरात पडलेली. डोक्यात घाव. पाट्यावर लसणाची चटणी अर्धी वाटलेली. गळ्यातली सोन्याची पोत नाही. नलू शाळेत होती, नवरा ऑफिसात. आता कोणताही शहाणा माणूस आधी विचारील की पोत कुठे गेली. पोलिसांनी विचारलं, सून कुठे आहे. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ ‘सकाळी’ अशी मोघम सांगितली आणि तेवढी मोकळीक त्यांना पुरली. सुनेनं शाळेत जाण्याआधी काम उरकलं, असं ठरलं. एकदा हे ठरल्यावर बाकीच्या गोष्टी ओळीनं सापडत गेल्या. सापडायच्याच. पोत तेवढी सापडली नाही. ती शोधलीच नव्हती.

काही दिवसांनी घरामागच्या विहिरीतून एक वरवंटा निघाला. पंचनाम्यात लिहिलं की आरोपीनं स्वतः पुढे होऊन जागा दाखवली आणि दोन पंचांसमक्ष तो काढून दिला. नलू मला तुरुंगात भेटली तेव्हा म्हणाली, “मी जीपमधून उतरलीच नाही वं. ते लोक तिकडं गळ टाकून राह्यले व्हते, मी आपली बसून. मंग एकानं पोत्यात काहीतरी आनलं, अन् म्हने सही कर.” पंच दोघेही ओळखीचे. ओळखीचे म्हणजे ठाण्याच्या ओळखीचे. त्यातला एक पानटपरीवाला होता, ठाण्याच्या फाटकालाच त्याची टपरी. तालुक्यात कुठेही चोरी झाली, आग लागली, कोणी फास घेतला की हा तिथे हजर आणि सगळं त्याच्या डोळ्यांदेखत. उलटतपासणीत नलूच्या वकिलानं विचारलं, विहिरीला कठडा आहे का? तो म्हणाला, “आहे ना साहेब, चांगला सिमिटाचा.” त्या विहिरीला कठडा नाही. कधीच नव्हता. खुनाच्या दोन वर्षं आधी तिच्यात म्हैस पडली होती, हे अख्ख्या गावाला माहीत. कोर्टानं लिहिलं, साक्षीतील किरकोळ विसंगती.

त्या वरवंट्यावर माणसाचं रक्त होतं, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला. इतके दिवस विहिरीच्या पाण्यात बुडालेला दगड, आणि रक्त जसंच्या तसं! आमच्या पदरावरचा हळदीचा डाग बादलीत भिजवला तरी फिका पडतो. हे रक्त मात्र मोठं निष्ठावान निघालं, कोर्टात जाईपर्यंत त्यानं दगड सोडला नाही.

आणि खरी गंमत तर पुढे होती. पहिल्या दिवशी पोलिसांनीच स्वयंपाकघराचे फोटो काढले होते. त्यात पाटा आहे, पाट्यावर चटणी आहे, आणि चटणीला टेकून वरवंटा आहे! घरातला वरवंटा घरातच होता. मग विहिरीतला कोणाचा? वकिलानं फोटो दाखवून हा प्रश्न विचारला तेव्हा मी कोर्टात होते, भास्करची बायको आणि आणखी दोघी-तिघी मागच्या बाकावर. सरकारी वकील उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, “घरात दोन वरवंटे असू शकतात.”

आम्ही हसलो. खरंच हसू फुटलं. शिपाई आमच्यावर खेकसला. पण मी त्या खोलीभर नजर फिरवली तेव्हा हसू विरलं... तपास करणारा पुरुष, दोन्ही पंच पुरुष, दोन्ही वकील पुरुष, वर बसलेले साहेब पुरुष. आयुष्यभर पाट्यावरची चटणी खाल्लेले हे सगळे. त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की पाट्याला वरवंटा एकच असतो, त्याच्याबरोबर झिजत जातो, दुसरा त्यावर नीट चालतही नाही. आणि ठाऊक असतं तरी त्यांनी ते तिथे कबूल केलं नसतं. निकालात वाक्य आलं, घरात एकापेक्षा जास्त वरवंटे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्या शक्यतेवर नलूला जन्मठेप झाली.

निकालानंतर लोकांचे चेहरे पाहण्यासारखे होते. “आम्हाला आधीच वाटत होतं,” असं म्हणणारे इतके निघाले की आधी ते सगळे कुठे लपून बसले होते, हा मला प्रश्न पडला. आमच्या ह्यांनीही सुचवून पाहिलं, “आपल्याला कशाला त्यात...” मी डबा भरला आणि भेटीला गेले. पुढेही जात राहिले. तुरुंगात ती बायांना हिशेब शिकवायची. वाळली होती, केस पांढरे झाले होते, जीभ मात्र तीच. एकदा मी मूर्खासारखी म्हणाले, देव बघतो आहे. ती म्हणाली, “पाहून राह्यला ना? मंग त्याले पंच कर. तो टपरीवाला तरी सुटंल.”

भास्करनं वांग्या-टोमॅटोच्या पैशांतून अपील चालवलं. वर्षानुवर्षं. अखेर नागपूरला वरच्या कोर्टानं फोटो पाहिला, वरवंटा जागेवर सीलबंद न करता ठाण्यात पडून होता हे पाहिलं, पाण्यातल्या रक्ताबद्दल तेच म्हटलं जे आम्ही बाया पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, आणि तिला सोडलं. संशयाचा फायदा देऊन. मी पेढे घेऊन सुलतानपूरला गेले. तिनं पेढा हातात घेतला आणि म्हणाली, “फायदा म्हनतात शोभे त्याले. संशयाचा फायदा. मले झाला म्हने.” पेढा तिनं भास्करच्या धाकट्या पोरीला दिला.

गावानं तो शब्द बरोब्बर उचलला. निर्दोष कोणी म्हणेना, ‘संशयावर सुटली’ म्हणू लागले. ज्यांनी संशयावर अडकवली तेच हे म्हणत होते.

एक प्रसंग मात्र मी डोळ्यांनी पाहिला, तो लिहिलाच पाहिजे. ती सुटून आल्यावर काही महिन्यांनी तिचा नवरा आला. ती आत असताना त्यानं घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलं होतं. खटल्यात त्याची साक्ष झाली होती, की दोघींचं रोज भांडण व्हायचं. आता तो नारळ आणि साडी घेऊन आला होता. बहुधा मनावरचं काहीतरी उतरवायला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बालाजीचा टिळा. मी योगायोगानं तिथेच होते. नलूनं त्याला खुर्ची दिली, वहिनीला चहा ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, “जे झालं ते फार वाईट झालं.” चहा आला. तो पिऊ लागल्यावर तिनं विचारलं,

“मले एक सांगा. आपल्या घरी वरवंटे किती व्हते?”

तो गडबडला. “म्हणजे?”

“वरवंटे. वाटाचे. किती व्हते?”

“एकच,” तो म्हणाला. “एकच होता की.”

“मंग हे कोर्टात काऊन नाही सांगितलं?”

त्यानं कप बशीत ठेवला. मग म्हणाला, “मला तसं कोणी विचारलंच नाही.”

मला वाटलं आता ही ओरडेल, कप फेकेल. मी असते तर फेकला असता. नलूनं त्याच्याकडे नीट पाहिलं, म्हणजे अगदी वरपासून खालपर्यंत, बाजारात एखादं वांगं किडकं निघाल्यावर पाहतात तसं. आणि म्हणाली, “चहा झाला ना? आता जालन्याची गाडी भेटंल तुमाले.” तो उठला. साडी त्यानं खुर्चीवर ठेवली होती. नलूनं ती उचलून त्याच्या पिशवीत परत घातली, नारळही घातला. पिशवीचे बंद नीट जुळवून त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, “आत्याबाई याच्यासाठी मोठी भाकर ठेवायच्या. लहान मी खायची.” मग तोंडाला पदर लावून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. आणि ते त्याच्यासाठी नव्हतं, म्हातारीसाठी होतं. त्या म्हातारीला कोणी मारलं, हे आजतागायत कोणाला माहीत नाही. शोधायला कोणी गेलंच नाही. एक सून सापडली होती, तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं.

शेवटची वर्षं ती भास्करकडेच राहिली. पहाटे भाजी निवडू लागे, संध्याकाळी गावच्या मुलींना गणित शिकवी. आधी दोघीच आल्या, नंतर ओसरी पुरेना. ज्या बाया तिला पाहून रस्ता बदलायच्या, त्यांच्याच मुली. नलू त्यांना फुकट शिकवायची आणि आयांशी बोलायची नाही. “पोरींचा काय गुन्हा?” म्हणायची. आयांना तिनं माफ केलं नव्हतं आणि करायचा विचारही नव्हता. लोक आता म्हणतात, तिनं सगळ्यांना माफ केलं. हे लिहून ठेवते, की केलं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या नावावर तेवढं तरी खोटं जमा करू नका.

परवा सुलतानपूरला जाऊन आले. भास्करच्या बायकोनं तिची खोली दाखवली. खाट, पाण्याचा तांब्या, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल तसाच. मी दार लोटायला गेले तर दाराला कडी नव्हती. चौकटीवर नुसत्या खिळ्यांची भोकं. “तुरुंगातून आली त्याच दिशी काढाले लावली,” वहिनी म्हणाली. “मी म्हटलं वन्सं, आतून तं लावता येते ना. तं म्हने, आतून लावली तरी कडी ते कडीच.” आता शेजारचे सांगतात, बसवून घ्या, दिवस चोरांचे आहेत. भास्कर ऐकत नाही.

आम्ही खाटेवर बसलो होतो. वारा आला, दार आपोआप उघडलं आणि अंगणातली बकरी सरळ आत येऊन टॉवेल हुंगू लागली. वहिनी उठली, शिंगाला धरून तिला बाहेर सोडून आली आणि माझ्या शेजारी बसली. दार तिनं उघडंच ठेवलं.