मेणाने बुजवलेली दाढ

"आ कर गड्या, लाजतोस काय?"

हे वाक्य माझ्या दातांच्या दवाखान्यात रोज ऐकू यायचं, पण म्हणणारी मी नसायचे. मलकापुरातल्या त्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर एक निवृत्त फौजी बसायचे आणि माझे पेशंट माझ्याआधी तपासायचे. बायकोची कवळी बसवायला म्हणून आले होते. कवळी बसली, आणि हेही बसले ते बसलेच.

त्यांच्या माळावर मधमाश्यांच्या वीसेक पेट्या होत्या. पेटीच्या फटी बुजवायला माशा झाडांवरून चिकट डिंक आणतात. तो खरवडून, मिलिटरी कोट्यातल्या रममध्ये भिजवून त्यांनी औषध केलं होतं. हिरड्या सुजल्या, लावा डिंक. तोंड आलं, लावा डिंक. तोंडाला वास येतो, लावा डिंक. मग रमचा वास यायचा.

"डॉक्टरीणबाई, माशीच्या घरात कीड न्हाई. तुमच्याकडं येतंय त्ये समदं किडलेलंच," असं मला ऐकवायचे.

एकदा सांगलीचे एक जैन व्यापारी आले होते. आमच्यात मध चालत नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. फौजींनी त्यांना मध वेगळा आणि डिंक वेगळा हे अर्धा तास समजावलं. शेवटी ते गृहस्थ दाढदुखी विसरून आत पळाले.

मी चिडायचे. हिरड्यांना त्या डिंकाने थोडा आराम पडतो, हे मलाही दिसत होतं. पण किडलेल्या दाढेला त्याचा उपयोग नाही, असं मी बजावलं की ते मान डोलावायचे आणि पुढच्या पेशंटकडे वळायचे.

एका सोमवारी ते बाकावर बसलेच नाहीत. दाराशी उभे राहिले, उजवा गाल पेरूएवढा. माशी चावली म्हणाले. एरवी 'मला माशी चावली तर माशीच सुजते', असं हाच माणूस गावभर सांगत फिरायचा. खुर्चीत बसवलं, तर तोंड उघडेनात.

"आ करा फौजी, लाजताय काय?" मी म्हणाले.

दाढेला मोठी पोकळी होती आणि ती मेणाने गच्च बुजवलेली, माझ्यापेक्षा सफाईने. खाली पू. महिनाभर दुखत होतं, हे कबूल झालं. मी बरीच बोलले. आणखी चार दिवस काढले असते तर जिवावर बेतलं असतं, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "सुईचं भ्या वाटतं वो. कुनाला बोलू नका."

"माशीची सुई चालते?"

"ती सांगून येत न्हाई. तुमची समोर दिसती."

मी त्यांना डोळे मिटायला लावलं आणि न सांगताच टोचलं. पू काढला, आठवड्याने दाढ काढली. त्यानंतर बाकावरची तपासणी सुधारली. हिरडी असेल तर डिंक, दाढ असेल तर दंडाला धरून थेट आत.

गेल्या थंडीत ते हृदयविकाराने गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी सैल झालेली कवळी दाखवायला आल्या. फौजी तुम्हाला रोज डिंक लावायचे, त्यानं हिरड्या चांगल्या राहिल्यात, असं मी म्हणाले. त्या जरा ओशाळल्या.

"लय कडू असतंय वो. त्येंनी लावलं, की पाठ फिरवून थुकायची मी. इचारलं की लय गुण आला म्हनायची."

मग आता काय लावता, मी विचारलं.

"तीन बाटल्या ऱ्हायल्यात त्येंच्या. रोज लावती."

"कडू नाही लागत?"

"लागतंय की. पन आता थुकत न्हाई."