नव्या डब्याला जुनी केबल

बाजारातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोघं बसत. काउंटरवर दीर, आतल्या टेबलाशी भावजय. दीर दिवसभर "वहिनी, हे बघा", "वहिनी, ते सांगा" असं ओरडत असे, म्हणून गिऱ्हाइकंही त्यांना वहिनीच म्हणू लागली. शेजारचा चष्मेवाला त्यांच्यापेक्षा बराच मोठा, पण त्याच्याही त्या वहिनीच.

सुटे भाग निवडून गिऱ्हाइकाला हवा तसा कॉम्प्युटर जोडून देणं हे वहिनींचं काम. बांधा ठेंगणा, नाकावर घसरणारा चष्मा, आणि स्क्रू तोंडात धरून बोलायची सवय. नवं माणूस आलं की दीर आधी बजेट विचारायचा. वहिनी आतून म्हणायच्या, "आधी काम विचारा, भावजी."

एकदा एक तरुण आला. त्याला काचेच्या भिंतीचा, आतून रंगीत दिवे लागणारा कॅबिनेट हवा होता. दिराचा चेहरा खुलला. वहिनींनी विचारलं, "खेळायला ना? मग पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. दिव्यांनी खेळ वेगानं चालत नाही."

"पण दिसायला छान दिसतं."

"घरात ट्यूबलाइट नाही का?"

तरुण हसला आणि साधा काळा कॅबिनेट घेऊन गेला. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही समोरच्या दुकानाकडून पगार घेता का हो?"

हिशेब लिहिणारा कुणी आला की त्याला त्या सर्वांत स्वस्त प्रोसेसर द्यायच्या आणि कीबोर्ड मात्र चांगला. "तुमची बोटं दिवसभर यावरच असणार," म्हणायच्या. सढळ हाताचं गिऱ्हाईक आलं तरी त्याच्या गळ्यात गरजेपेक्षा महाग काही बांधत नसत. आणि हात कितीही आखडता असला, तरी एका गोष्टीवर त्या काटकसर करू देत नसत. ती म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाटून देणारा लोखंडी डबा. "हा बिघडला तर एकटा जात नाही, बाकीच्यांनाही घेऊन जातो." हे वाक्य बाजारात इतकं गाजलं होतं, की दुकान बंद करताना चष्मेवालाही ते म्हणून दाखवायचा.

त्याच डब्याबद्दल त्यांचा आणखी एक धडा होता. चांगल्या डब्याच्या केबली दोन्हीकडून सुटतात. पण एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावायची नाही. ती बसते, अगदी चपखल बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. मग पाचाच्या जागी बारा व्होल्ट जातात आणि जे जोडलेलं असेल ते जळतं. बाजारात जोडणी शिकणाऱ्या प्रत्येकाला वहिनींनी हे सांगितलं होतं. त्यांच्याकडून असं काही होईल असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

काकू त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. चादरी आणि पडद्यांच्या कापडावरचे नमुने काढायच्या. वेली, पानं, चौकटी, पक्ष्यांच्या रांगा. पूर्वी कागदावर, पुढे कॉम्प्युटरवर. त्यांचा पहिला कॉम्प्युटर वहिनींनीच जोडला होता. गेल्या वर्षी काकूंना आजारपण आलं. त्यातून उठल्या, पण उजव्या हाताला कंप राहिला. आता नवं काढणं होत नव्हतं. जुने नमुने उघडायचे, रंग बदलायचे, मोठे-लहान करून गिरण्यांना विकायचे, एवढंच चाले, आणि त्यावरच घर चाले.

"फाइल उघडायला घेते आणि उघडेपर्यंत माझा डोळा लागतो," काकू म्हणाल्या. "काहीतरी कर गं. पण माझी ऐपत तुला ठाऊक आहे."

वहिनींनी खुर्ची ओढली. "रंग बघायचं काम आहे, म्हणजे मॉनिटर चांगला. पैशांतला मोठा वाटा तोच खाईल. मेमरी भरपूर. प्रोसेसर मधला. ग्राफिक्स कार्ड नको. कॅबिनेट जुनाच, धडधाकट आहे. डिस्क दोन्ही जुन्याच, कामाची आणि नकलेची."

"आणि तो घरघर करतो तो?"

"पॉवर सप्लाय? तो नवा. त्यात तडजोड नाही."

दिरानं मध्येच तोंड घातलं. "वहिनी, नकलेची डिस्क बाहेरच्या पेटीत घालू या का? कॉम्प्युटरला काही झालं तर नक्कल तरी लांब राहील."

वहिनींनी मनाशी जुळवून पाहिलं. पेटी घेतली तर मॉनिटर एक पायरी खालचा घ्यावा लागत होता. "पेटी पुढच्या वेळी. राहू दे आतच."

जोडणीच्या दिवशी काकू येऊन बसल्या होत्या. आपल्या वस्तूला कोण कसं हाताळतं ते त्यांना बघायचं असे. वहिनींनी जुना बोर्ड काढला, नवा बसवला, त्याच्या नव्या केबली ओढल्या. मग कॅबिनेटची मागची बाजू उघडली आणि थांबल्या. दोन्ही डिस्कना जाणारी केबल त्यांनीच कधीतरी ओवली होती. प्रत्येक वळण सारखं, प्रत्येक गाठ एका रेषेत. एखादीनं घट्ट वेणी घालून द्यावी तशी.

"बघा काकू, एवढ्या वर्षांत एक गाठ सैल झालेली नाही."

"तुझा हातच तसा आहे."

ती वेणी त्यांच्यानं उसववली नाही. डब्याकडचं टोक तेवढं सोडवलं, जुना डबा बाहेर काढला, नवा सरकवला, टोक त्याला लावलं. खटकन् बसलं. वहिनींनी बटण दाबलं.

पंखे फिरले, आणि लगेच थांबले. आत कुठेतरी टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. मग वास आला. जळक्या प्लास्टिकचा, घशात बसणारा. कॅबिनेटच्या मागून धुराची बारीक रेघ निघाली आणि छताच्या पंख्याच्या वाऱ्यात विरली.

वहिनींच्या तोंडातला स्क्रू टेबलावर पडला. त्यांनी प्लग ओढला आणि हात तसाच हवेत राहिला. नव्या डब्यावरचं कंपनीचं नाव आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या डब्यावरचं नाव, दोन्ही त्यांच्या समोर होती. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना दिराला दिसला.

"काय जळलं?" त्यानं विचारलं.

वहिनींनी दोन्ही डिस्क काढल्या. दोन्ही गरम होत्या. एकीच्या चिपा बसवलेल्या हिरव्या पट्टीवर काळा डाग पडला होता.

"झालं का गं?" काकूंनी विचारलं. त्यांना वास आला होता, पण नव्या वस्तूला असा वास येतच असेल, असं त्यांना वाटलं.

दीर पुढे झाला. "काकू, डिस्क फार जुन्या होत्या हो. जुन्या डिस्कचा काही भरवसा नसतो, कधीही—"

"भावजी, थांबा." वहिनी म्हणाल्या. "डिस्क चांगल्या होत्या. मी जाळल्या. जुन्या डब्याची केबल नव्या डब्याला लावली. जे सगळ्यांना करू नका म्हणून सांगते, तेच केलं."

काकूंना अर्थ लागायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "दोन्ही?"

"दोन्ही एकाच केबलवर होत्या."

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि समोर धरला. तो थरथरत होता. "हा आता रेघ ओढत नाही गं," त्या म्हणाल्या. "जे होतं ते त्यातच होतं."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, तिघांचे चेहरे पाहून काही न विचारता परत गेलं.

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारा एक माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. रिक्षात वहिनींनी दोन्ही डिस्क ओढणीत गुंडाळून छातीशी धरल्या होत्या. काकू शेजारी बसल्या होत्या.

डॉक्टरनं भिंग डोळ्याला लावलं. पहिली डिस्क पाहिली आणि जीभ टाळूला लावून च्च केलं. दुसरी पाहिली आणि म्हणाला, "हिचं नशीब बरं आहे. जास्तीची वीज आली की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा एक बारका तुकडा असतो, तो गेलाय. तो काढून टाकला की फिरेल. कोणती ही?"

"नकलेची," वहिनी म्हणाल्या आणि मघापासून पहिल्यांदा त्यांनी पूर्ण श्वास घेतला. "काकू, नकलेची वाचली! म्हणजे सगळं आहे!"

डॉक्टरनं तुकडा काढला, डिस्क जोडली. ती फिरली. पडद्यावर चौकट उघडली.

चौकट रिकामी होती.

डॉक्टरनं परत उघडून पाहिली. आणखी एकदा पाहिली. "यावर कधी काही ठेवलेलंच नाही."

वहिनींनी काकूंकडे पाहिलं. काकू गोंधळल्या होत्या. "तूच म्हणाली होतीस ना, ही दुसरी डिस्क घाला, म्हणजे सगळ्याची नक्कल राहील? मला वाटलं, ती आपोआप होते."

केबलच्या चुकीनं वहिनी हादरल्या होत्या, पण ही चूक आजची नव्हती. त्यांनी डिस्क निवडली होती, विकली होती, सुबक ओवून बसवली होती, आणि तिच्यावर नक्कल करायची कशी, हे काकूंना दाखवलंच नव्हतं. इतकी वर्षं ती डिस्क आत नुसती फिरत होती. "मी विचारलंच नाही," त्या पुटपुटल्या. "एकदाही विचारलं नाही."

"आता दुसरीचं बघू," डॉक्टर म्हणाला. "तिची पट्टी पार गेलीय. अशाच डिस्कची पट्टी शोधतो. या डिस्कची खास खूण असलेली चिप उचलून तिच्यावर बसवावी लागेल. आतही मार बसला असला तर फिरेल, न फिरेल."

पट्टी मिळेपर्यंत वहिनींनी एकही कॉम्प्युटर जोडला नाही. दिरानं दोन गिऱ्हाइकांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणून परत पाठवलं आणि दिव्यांच्या कॅबिनेटचा विषय काढला नाही. घरी वहिनी भाजीला मीठ दोनदा घालत होत्या आणि कुणी हू की चू करत नव्हतं.

पट्टी मिळाली. वहिनी, काकू आणि दीर डॉक्टरकडे जमले. डिस्क फिरली, पण तिचा आवाज वहिनींना आवडला नाही. मध्येच अडखळत होती.

"किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. "आधी काय काढू? लवकर सांगा."

"विकलेले नमुने," वहिनी लगेच म्हणाल्या. "काकू, तुमचं घर त्यावर चालतं."

"नाही," काकू म्हणाल्या. "'कच्चं' म्हणून फोल्डर आहे ना, तो आधी."

"काकू!"

"अगं, विकलेले गिरण्यांकडे आहेत. मागितले तर देतील, नाही दिले तर कापड तरी कुठे ना कुठे आहे. कच्चं मी कुणाला दाखवलेलंसुद्धा नाही. ते गेलं तर गेलंच."

वहिनींनी आणलेली नवी डिस्क जोडून डॉक्टरनं 'कच्चं' निवडलं. एकेक नाव पडद्यावरून सरकू लागलं. डिस्क अडखळली की चौघंही श्वास रोखत. पाणवेली, कोपऱ्यातली चिमणी, न जमलेली चौकट, परत न जमलेली चौकट. 'कच्चं' संपलं तेव्हा दिरानं कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीनं पुसला.

मग विकलेले नमुने सुरू झाले. काही आले. मग डिस्कमधून खरवडल्यासारखा आवाज आला आणि ती थांबली. डॉक्टरनं परत प्रयत्न केला, कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

"कुठे थांबली?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरनं वाचलं. "जास्वंद, मोठी."

"हं." काकूंनी पर्स बंद केली. "ती चादर आमच्या विहीणबाईंच्या पलंगावर आहे. बघावीशी वाटली तर जाईन त्यांच्याकडे. चहा पाजतील तरी, एरवी बोलवत नाहीत."

दीर हसला. डॉक्टरही हसला. वहिनीही हसायला गेल्या, पण तोंडातून हुंदकाच आला. इतके दिवस त्या रडल्या नव्हत्या. आता ओढणीत तोंड खुपसून रडू लागल्या आणि थांबेनात.

काकूंनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे. ही नवी डिस्क आली ना, ती बाहेरच्या पेटीत घाल. आणि नक्कल कशी करायची ते मला शिकव. माझ्याकडून करून घे, तू नको करूस."

वहिनींनी डोळे पुसले, डॉक्टरच्याच कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली आणि काकूंच्या हाताखाली माउस ठेवला. हात थरथरला, बाण भलतीकडेच गेला.

"चुकलं," काकू म्हणाल्या.

"परत," वहिनी म्हणाल्या.