डॉक्टरांचं गाळलेलं वाक्य

डायलिसिसच्या नळीतून आईचं रक्त मशीनमध्ये जातं आणि परत येतं. मी ते बघत बसते. त्या रक्ताला मी अजून आठवते, हे मला मागच्या आठवड्यात कळलं.

बाबांची किडनी आईला चालणार नाही. डॉक्टरांनी कारण इंग्रजीत सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच, म्हणून ते आईबाबांना समजावणं माझ्यावर आलं. मी पोटात असताना माझ्यातला बाबांचा अंश आईच्या रक्ताला परका वाटला. त्याच्याशी लढायला तिच्या रक्तात जे तयार झालं, ते अजून तिथेच आहे. बाबांच्या किडनीवर ते तुटून पडेल, आणि माझ्याही. जिने मला वाढवलं, तिचं रक्त तेव्हाच माझ्याशी भांडत होतं.

मी आईबाबांना एवढंच सांगितलं, "जुळत नाही म्हणतात."

आज पेपरातली बातमी मी त्यांना वाचून दाखवली. परदेशात डुकराची जनुकं बदलतात, आपल्या शरीराला खुपणाऱ्या खुणा काढून टाकतात आणि त्याची किडनी माणसाला बसवून बघतात.

"म्हणजे डुक्कर चालतं, नवरा चालत नाही!" बाबा म्हणाले.

"डुक्कर निदान तंबाखू खात नाही," आई म्हणाली.

दोघं हसली. डुकरातून खुणा काढता येतात. माझ्यातून बाबा कसे काढणार?

हसता हसता बाबा थांबले. "पोरीची तपासायची का गं? ती तर तुझ्याच पोटची आहे."

"बघू की," मी म्हणाले.