नवा केसपेपर

"त्या खाजवाल्या कोण? आत या."

भोरच्या दवाखान्यात सिस्टरनं दारातून अशी हाक मारली. बाकावर आठ-दहा बाया होत्या. त्यातल्या दोघी उत्रोलीच्या, माझ्या माहेरच्या. कुणी हसलं नाही. मी उठले, तेव्हा सगळ्यांना कळलं.

अंगावरून हिरवट, वास मारणारं जायचं. लघवीला जळजळ. शरीरसंबंधातून लागणारा परजीवी जंतू आहे, गोळ्या नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या, हे पहिल्याच वेळी सांगितलं होतं. नवरा टेम्पो चालवतो. कोर्स संपेपर्यंत दारू बंद, म्हणून तो चिडायचा. मी समोर बसून त्याला गोळ्या गिळायला लावल्या. तेवढे दिवस वेगळी झोपले. तरी त्रास परत.

ही चौथी खेप. दर खेपेला खिडकीवर नवा केसपेपर निघायचा. जुना कुणी मागत नसे. कागदावर मी दर वेळी पहिल्यांदाच आलेली. गोळ्याही दर वेळी त्याच.

डॉक्टरांनी दार उघडं ठेवूनच विचारलं, "नवऱ्याशिवाय आणखी कुणी आहे का?"

"न्हाई."

"मग नवऱ्याला विचारा, तो कुठं जातो. गोळ्या नीट घेतल्या तर हे राहत नाही."

त्यांनी पेन उचललं. मी पिशवीतून तिन्ही जुने केसपेपर काढले. सोबत गोळ्यांची रिकामी पाकिटं, माझी आणि त्याची. टेबलावर ठेवली.

"दोघांनी संपवल्यात, सायेब. त्याच परत लिहू नका. आदी हे लिहा, की गोळ्या खाऊन गेलं न्हाई."

त्यांनी तिन्ही कागद एकेक करून वाचले. "जंतू औषधाला दाद देत नसेल. ती तपासणी इथं होत नाही. पुण्यात कुठं होते, मलाही विचारावं लागेल."

"इचारा. पर आदी लिहा."

त्यांनी एक ओळ लिहिली. चुकलं म्हणाले नाहीत.

मी पुण्यात दोन ठिकाणी गेले. तपासणी झाली नाही. डोस वाढवला. तोंडाला लोखंडाची चव, पोटात मळमळ. थोडं कमी झालं, मग पुन्हा तेच. माहेरी भावजय आता माझा पेला वेगळा ठेवते.

जंतू जाईल, असं वाटत नाही. पण नव्या केसपेपरला मी नाव सांगत नाही. आधी जुने सगळे त्याला टाचा, म्हणते. टाचल्याशिवाय खिडकी सोडत नाही. मागची लाईन ओरडते.

ओरडू दे.