ओवाळणीत मागितलेली गाडी

वहिनीचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील. साकोलीच्या ऑफिसात मी जुन्या फायली लावत बसले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "बाई, तुमी या." मी विचारलं, "काय झालं? गाडी बंद पडली का?" सख्ख्या भावाच्या मृत्यूची बातमी कानावर येत होती आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो गाडीचा. दादाची इलेक्ट्रिक पिकअप माझ्या हट्टापायी घेतलेली होती, त्यामुळे गेले आठ महिने घरचा फोन वाजला की मला धसका बसायचा, आता गाडीची काय तक्रार आली म्हणून. वहिनी म्हणाली, "गाडी बरी हाय, बाई. तुमचे भाऊ नाई राह्यले." जेवून खाटेवर आडवा झाला होता, छातीत कळ आली, पाणी मागितलं... लाखांदूरच्या दवाखान्यात न्यायला शेजाऱ्यांनी कुणाची तरी गाडी बोलावली, पण ती अंगणात पोहोचायच्या आतच सगळं संपलं. त्याची स्वतःची गाडी दहा पावलांवर पुरती चार्ज होऊन उभी होती. तिची किल्ली कुठे आहे हे वहिनीला त्या घाईत आठवलं नाही.

हिरामण दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाबा लवकर गेले, म्हणून माझं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं त्याच्या स्टेअरिंगवर झालं असं म्हणायला हरकत नाही. आधी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग डिझेलची पिकअप घेतली. कोंढ्याकडची वांगी, मिरच्या भंडाऱ्याच्या बाजारात, आमच्याकडचं धान राइस मिलवर, लग्नसराईत मंडपवाल्याच्या खुर्च्या, आणि रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या दिवसांत मागे बसून या गावाहून त्या गावाच्या बांध्यांवर, धानाच्या शेतांवर जाणाऱ्या बाया. काय नाही वाहिलं त्या गाडीनं! हिवाळ्यात सकाळी ती सुरू करणं म्हणजे एक सोहळाच असायचा. आधी तिच्याशी दोन शब्द गोड बोलायचा, मग दोन शिव्या द्यायचा, मग ती खोकत खोकत उठायची आणि आख्खी गल्ली धुरानं भरून जायची. शेजारची म्हातारी रोज ओरडायची, "हिरामण, तुही गाडी एक दिवस आमाले मारते बापा!" दादा हसून हात हलवायचा आणि निघून जायचा.

गाडीत काही बिघडलं की तो पूर्वी बोनेट उघडून कान लावायचा. डोळे मिटून ऐकायचा आणि नेमकं सांगायचा, अमुक नोझल गेलं, तमुक बेल्ट ढिला झाला. लाखांदूरचा मेकॅनिक त्याचं ऐकल्याशिवाय पाना हातात घेत नसे. नंतरच्या वर्षांत तो कान न लावता इंजिनावर नुसता पंजा ठेवायला लागला. मला वाटायचं, अनुभव म्हणतात तो हाच. माणूस पिकला की त्याला ऐकायचीही गरज उरत नाही. केवढी हुशार मी!

फोनवर तो माझ्याशी बोलेनासा झाला तेही त्याच सुमारास. मी फोन केला की वहिनीच उचलायची, मागून त्याचा आवाज यायचा, "तूच बोल न, मी गाडी पुसून राहिलो." कधीही फोन करा, हा गाडीच पुसतोय. मला फार लागायचं. बहीण नोकरीला लागली, साकोलीत घर केलं, आता तिची काय गरज, असं काहीबाही मनात यायचं. घरी गेले की मात्र एकटाच बोलत सुटायचा, समोरच्याला तोंड उघडू द्यायचा नाही. आणि मागच्या वर्षीच्या रोवण्यात तर कमालच झाली. मागे बसलेल्या बायांना उतरायचं असलं की त्या केबिनच्या टपावर थापा मारतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. त्या दिवशी बायांनी टप बडवून बडवून हात लाल केले, पण हा पठ्ठ्या त्यांची बांधी सोडून सरळ पुढच्या तलावाच्या पाळीवर जाऊन थांबला. चिखलातून मागे चालत जाताना बायांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो खाली मान घालून उभा होता. मी त्या वेळी सुट्टीवर घरीच होते. मला वाटलं, याचं डोकं हवेत गेलं आहे, गरीब बायांची याला किंमत उरली नाही. संध्याकाळी तसं बोललेसुद्धा. तो गाडी पुसत राहिला.

त्याचा खोकला वाढला तेव्हा मी इलेक्ट्रिक गाडीचं काढलं. त्या जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये धूर शिरायचा, दिवसभर तोच नाकातोंडात. साकोलीत आमच्या ऑफिससमोर एक इलेक्ट्रिक पिकअप किराणा उतरवायला येते. ना धूर, ना वास, ना थरथर. मी दादाला म्हटलं, तू हीच घे. त्यानं माझी यथेच्छ टिंगल केली. "इथं पंख्याले लाईन पुरत नाई अन् मी गाडी कशानं चालवू?" म्हणे. "नागझिऱ्याच्या जंगलात बंद पडली त धक्का माराले वाघ येईन का?" मी एकेक उत्तर पाठ करून गेले होते. घरी सहा-सात तास लाईन मिळाली तरी पुरते, तुझ्या खेपा काही दिल्लीच्या नाहीत, तेल बदलायचं नाही, नोझल नाही, बेल्ट नाही. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "मले या गाडीचा हात बसला हाय, बाई." यापलीकडे त्याच्याकडे कारण नव्हतं, म्हणजे मला तसं वाटलं. शुद्ध आडमुठेपणा, दुसरं काय!

मग भाऊबीज आली. मी ओवाळलं, आणि तो ताटात साडी ठेवायला लागला तेव्हा मी ताट मागे घेतलं. म्हटलं, साडी नको, ही धुराची गाडी सोड, हीच माझी ओवाळणी. आमच्याकडे बहिणीनं ताटावरून मागितलेलं भाऊ नाकारत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी तो क्षण निवडला होता. वहिनी एकदम म्हणाली, "बाई, असं नका मांगू न..." पण दादानं तिला हातानं थांबवलं. बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घेऊ."

भंडाऱ्याला शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो होतो. विकणाऱ्या मुलानं त्याला गाडीत बसवलं, किल्ली फिरवली, म्हणाला, "चला काका, घ्या पुढे." दादा स्टेअरिंग धरून बसून राहिला. "चालू त कर बापा आधी," तो म्हणाला. गाडी केव्हाच चालू झाली होती. तो मुलगा हसला, आजूबाजूचे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. दादाही हसला... सगळे हसताहेत म्हणून. वहिनी तेवढी हसली नाही. डिझेलची गाडी नेणारा माणूस आठवड्यानं आला, तेव्हा दादानं सुरू गाडीच्या बोनेटवर तळहात ठेवला आणि ती निघेपर्यंत उचलला नाही.

नवी गाडी आल्यापासून वहिनी प्रत्येक खेपेला त्याच्या शेजारी बसून जायला लागली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तोवर ती बाई कधी बाजारालाही त्याच्यासोबत गेली नव्हती, आणि आता सकाळी स्वयंपाक उरकून, डबा बांधून, पदर खोचून केबिनमध्ये! गावाला विषय मिळाला. मीही मागे राहिले नाही. "म्हातारपणी मधुचंद्र निघाला वाटतं," असं चारचौघांत म्हटलं मी. वहिनी लाजून दुसरीकडे बघायची. दादाचा खोकला कमी झाला होता, गाडी एकदाही वाटेत बंद पडली नव्हती, आणि मी सगळ्यांना सांगत होते, बघा, माझं ऐकलं म्हणून.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा गावी गेले. गाडी अंगणातच उभी होती. मी वहिनीला म्हटलं, हिचं काय करायचं ते ठरवू, ठेवायची की विकायची. आणि सहज बोलून गेले, "दादाला ही गाडी मनापासून आवडली नाही का गं?" वहिनी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, त्याइले ऐकू येत नव्हतं." मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली. पाच-सहा वर्षांपासून कान जात जात पार गेले होते. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचा, मोठा आवाज तेवढा कुठूनतरी लांबून आल्यासारखा यायचा. मी म्हटलं, मशीन का नाही बसवलं? "कानात मशीन दिसली त लोक माल देतीन का, म्हणत. बहिऱ्याच्या गाडीत कोन बसन?" जुन्या गाडीत त्याला हातापायांना कळायचं. कोणता गिअर हवा, इंजिनावर किती ताण आहे, सगळं त्या थरथरीवरून. बाकीचं आरशात बघून निभावून न्यायचा. "या गाडीत काईच समजे नाई, बाई. चालू हाय का बंद, थेही नाई. पयल्या दिवशी घरी आले अन् मले म्हणे, तू माह्या बाजूले बस."

ती त्याचे कान होऊन बसत होती. मागून हॉर्न वाजला की त्याच्या गुडघ्यावर हात दाबायची. एकदा दाबला की गाडी येते आहे, सोडला की गेली. आठ महिने, रोज, साऱ्या खेपांना. आणि मी त्याला मधुचंद्र म्हणाले होते.

हे धोक्याचं होतं, कुणाच्याही जिवावर बेतलं असतं, हे मला कळतं. त्या माणसानं स्टेअरिंग कधीच सोडायला हवं होतं. पण ते त्याला समजावून सांगायला आधी त्याला ऐकू येत नाही हे तरी मला माहीत हवं होतं ना! सख्खी बहीण मी. माझं प्रत्येक उत्तर पाठ होतं, चार्जिंगचं, धुराचं, तेलाचं, आणि समोरचा माणूस माझ्या ओठांकडे का बघतोय हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. गाडीबद्दल मी चुकले नव्हते. आजही म्हणेन, ती गाडी चांगली आहे. माझा भाऊ तेवढा मला कळला नाही.

मी रडत विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यानं?" वहिनी म्हणाली, "मी म्हटलं होतं, बाईले सांगा. त नाई म्हणत. बाईनं ओवाळणीत मांगतलं, आता कारन कायले सांगू, म्हणत." मी तिचे हात धरले, म्हटलं, मी त्याचा हात तोडला गं, त्याचे शेवटचे महिने भीतीत घालवले. ती म्हणाली, "त्याइले भेव लागे, हे खरं हाय. खोटं नाई सांगत. पन बाई, तेहतीस वर्सं मी घरी अन् थे गाडीवर. हे आठ महिनेच मी त्याइच्या बाजूले बसली." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

गाडी वहिनीच्या नावावर करायची म्हणून परवा आम्ही दोघी कागद घेऊन लाखांदूरहून एसटीनं भंडाऱ्याला निघालो. वहिनी खिडकीशी, मी शेजारी. बाहेर धान निसवायला आलं होतं, बांध्या हिरव्यागार. साकोली जवळ आली तेव्हा मागून एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. वहिनी बाहेरच बघत होती, मान वळली नाही, पण तिचा हात उठला आणि माझ्या गुडघ्यावर येऊन घट्ट दाबला गेला. ट्रक एसटीच्या बाजूनं पुढे निघाला, दिसेनासा झाला, मग हात सुटला. तिला कळलंसुद्धा नाही. मी गुडघा हलवला नाही.