दुसऱ्या विळ्याचा आवाज

कोणाच्या अंगात आलं, कोणाला पिंपळाखाली बाई दिसली, असं वस्तीत कोणी सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जाते. मला ते कधी पटलं नाही. आजही कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझा घसा सुकतो, तोंडाने सांगणं जमत नाही... म्हणून लिहितेय. नाव देणार नाही, तेवढं समजून घ्या.

आम्ही मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या उतारावर राहतो. रिक्षा खालीच थांबते, तिथून पायऱ्या चढून यायचं. सगळ्यात वरच्या ओळीतलं पहिलं घर आमचं, ओळीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. मागे एक पडकी भिंत आणि भिंतीपलीकडे जंगल. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. हे घाटकोपरला एका सोसायटीत वॉचमन आहेत, सकाळी जातात ते रात्रीच येतात. सासूबाईंची उजवी बाजू गेलीय. बोलतात स्पष्ट, पण खाटेवरून हलता येत नाही. मला एकटीला त्यांना उचलताही येत नाही.

यंदा फेब्रुवारी संपायच्या आतच मे महिन्यासारखं ऊन पडलं. मोबाईलवर रोज तेच — उष्णतेची लाट, दुपारी बाहेर पडू नका, जंगलाच्या कडेला कचरा पेटवू नका. मागचं गवत कागदासारखं वाळलं होतं. हात लावला तर मोडायचं.

आम्ही मालवणकडचे. गावाला शिमग्याच्या आधी बायका काजूच्या बागेभोवतीचं गवत कापून पट्टा मोकळा करतात. वणवा आला तर पट्ट्यापर्यंत येतो, पुढे त्याला खायला काही मिळत नाही. मुंबईत आल्यावरही सासूबाई दरवर्षी घरामागे असा पट्टा कापायच्या. त्या पडल्यापासून ते काम माझं. यंदा मी म्हटलं, शिमगा लांब आहे, बघू. मी आपली पंचांग धरून बसले... आणि ऊन काही पंचांग बघून पडत नव्हतं.

एका दुपारी सासूबाईंना भात भरवत होते. मागून आवाज आला. खर्रस... खर्रस... विळ्याने गवत कापताना येतो तसा.

"कोण गो कापता?" सासूबाईंनी विचारलं.

मला वाटलं, कोणीतरी शेळ्यांसाठी कापत असेल. भिंतीपाशी जाऊन बघितलं. माणूस नाही की शेळी नाही, गवत होतं तसं उभं. मी तिथे असेपर्यंत सगळं शांत. आत येऊन ताटाला हात लावला की परत — खर्रस.

मग रोजच भर दुपारी. ओळीच्या मध्यावर शोभा राहते, माझी मैत्रीण. तिला बोलावून आणलं, तर तिला काहीच ऐकू येईना.

"पत्रा तापला की वाजतो गं. आणि तुझं डोकं पण तापलंय. ताक पी!" म्हणून हसत गेली.

सासूबाई हसल्या नाहीत. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. "आपला काम दुसरो कोण करूक लागलो, तर आपण बसान ऱ्हवाचा नाय. उठ. विळो घे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच विळा आणि खराटा घेऊन भिंतीपलीकडे गेले. लाजेने मान वर करवत नव्हती, कारण ओळीतले सगळे दारात उभे.

"वहिनी, डोंगराची हजामत काय?" एकजण ओरडला.

शोभा कशाला मागे राहतेय! "काय गं, म्हैस घेतलीस? सांगायचंस ना, मी दूध लावलं असतं!"

मी खाली बघून कापत राहिले. आणि तेव्हा तो आवाज परत आला. माझ्या पुढे, टाकीच्या बाजूने. माझा विळा थांबला की तोही थांबायचा, माझा चालला की तोही चालायचा. भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. उलट हाताला लय आली, शेतात दोघीजणी एका ओळीने कापताना येते तशी. माझं घर कधी मागे पडलं कळलंच नाही. रोज सकाळी जात होते, कापलेलं गवत गोणीत भरून खाली नेऊन टाकत होते, जमीन झाडून काढत होते. शोभाच्या घरामागे पोहोचले तेव्हा तळहाताला फोड येऊन फुटले होते. विळा धरवेना.

शोभा चहा घेऊन आली. माझे हात बघून कप तिनेच माझ्या तोंडाला धरला. मग टाकीकडे बघून म्हणाली, "पुढचं कोण कापणार? तुझं ते भूत?"

तिथून टाकीपर्यंत कमरेएवढं गवत उभं होतं. मी बघितलं, शोभानेही बघितलं. हे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वरून धूर आला. वारा होता. बघता बघता पूर्ण उतारावर जाळ दिसायला लागला, तडतड आवाज करत खाली येणारा. मी आधी घरात धावले आणि सासूबाईंच्या बगलेत हात घातले. त्या हलेनात.

"माका सोड! पट्ट्यार जा!" त्या ओरडल्या.

मी बाहेर आले आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला, तो माझा आहे हे मलाच पटेना. "बायांनो! बाहेर या! ओली गोणपाटं आणा!"

पुरुष कामावर गेलेले. पण बायका आल्या — मघाशी झोपलेल्या, पीठ मळणाऱ्या, सगळ्या. कोणी बादल्या भरल्या, कोणी झोडपायला हिरव्या पाल्याच्या फांद्या तोडल्या. जाळ पट्ट्यापर्यंत आला, फुत्कारला आणि जागीच बसला. उडून आलेल्या ठिणग्या आम्ही झोडपत होतो. आणि मला एकदम आठवलं.

"टाकीकडे पळा! तिकडे कापलेलं नाहीये!"

तिकडच्या घराघरात गॅसचे सिलिंडर. पळत गेलो... आणि उभ्याच राहिलो.

गवत कापलेलं होतं. माझा विळा जिथे थांबला होता तिथून सुरू होऊन थेट टाकीपर्यंत, माझ्या पट्ट्याएवढाच रुंद पट्टा. खराटा मारलेला, खुंट ताजे. जाळ त्याच्या कडेला येऊन अडला होता.

"अगं... काल तर..." शोभाचं तोंड उघडं.

"नंतर बोल! ठिणग्या मार आधी!" मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

अग्निशमनचे जवान पाईप घेऊन पायऱ्या चढून आले, तोवर अर्धी आग आमच्या पायाशी मेली होती. बाकीची त्यांनी विझवली. आम्ही सगळ्या काळ्याठिक्कर, एकमेकींकडे बघून हसत सुटलो. एकीने रिकामी बादलीच वाजवायला घेतली. मी आत गेले.

"घर ऱ्हवला?" सासूबाईंनी विचारलं.

"आख्खी ओळ राहिली, आई."

त्यांनी डाव्या हाताने माझ्या तोंडावरची काजळी पुसली, आणि तीच स्वतःच्या कपाळाला लावली.

बाहेर जवानांचा साहेब विचारत होता, "हा पट्टा कोणी मारला? यानेच वाचवलं तुम्हाला." बायकांनी मला पुढे ढकललं. सगळी वस्ती जमलेली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. घसा सुकला नाही.

"इथून शोभाच्या घरापर्यंत मी. तिथून टाकीपर्यंत कोणी ते मला माहीत नाही, साहेब."

त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. पण कोणीच हसलं नाही.

नंतर घरोघर विचारलं. कोणी कापलं नव्हतं, कोणी कापताना बघितलं नव्हतं. एवढं गवत एका रात्रीत एका माणसाने कापणं शक्य नाही, मी स्वतः कापलंय म्हणून सांगते. आवाज परत आला नाही. आमचे हे म्हणतात राखणदाराने केलं, म्हणजे गावाकडे जागेची राखण करणारा देव मानतात त्याने; शोभा म्हणते विषयच काढू नकोस. पण आमच्या ओळीतलं एकही घर जळलं नाही, आणि त्यातला अर्धा पट्टा माझ्या हातचा आहे.